रिकाम्या हातांनी बोलायचं नाही

हॉटेलच्या लॉबीतला तो लांबलचक सोफा रविवारी सकाळी घरच्या गाद्या-सोफ्यांच्या कारखान्यात उताणा पडला, तेव्हाच घरातल्या सगळ्यांना कळलं की आज काहीतरी ठरणार आहे. सोफ्याची घाई नव्हती. हॉटेलवाल्याला तो पुढच्या महिन्यात मिळाला तरी चालणार होता. पण आप्पांनी चहाचा कप खाली ठेवता ठेवता "आज त्याचे खिळे काढून घेऊ, सगळेच या," असं म्हटलं, आणि या घरात 'सगळेच या'चा अर्थ एकच होता. त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न असंच एका दिवाणाभोवती ठरलं होतं. थोरल्याने दुसरा गाळा घ्यायचा की नाही, हे दातांच्या डॉक्टरांच्या खुर्च्या उसवताना ठरलं, आणि तो घेतला नाही ते बरंच झालं.

नियम आप्पांच्या वडिलांचा. त्यांचं सख्ख्या भावाशी भांडण झालं आणि एका कारखान्याचे दोन झाले, ती हकिकत आता जुनी. पण "त्या दिवशी आमच्या हातात काही काम असतं तर एवढं बोललोच नसतो" असं म्हातारा शेवटपर्यंत म्हणत राहिला, आणि त्यातून नियम निघाला. घरच्या मोठ्या प्रश्नावर बोलायचं तर हातात काम पाहिजे. खिळे उपटा, काथ्या पिंजा, दाभणात सुतळी ओवा, काहीही करा. हात रिकामा तर तोंड बंद. लग्न होऊन आलेल्या दोन्ही सुनांना हे आधी वेडेपणाचं वाटलं. मग या नियमामुळे पुरुषांनाही बोलता बोलता काम करावं लागतं हे लक्षात आलं, आणि त्या नियमाच्या कट्टर रक्षक झाल्या.

आजचा प्रश्न टाचणीचा होता. टाचणी म्हणजे धाकट्याची मुलगी. अंगाने बारीक, उंचीला बेताची, म्हणून कारखान्यातल्याच वस्तूचं नाव तिला पडलं आणि चिकटलं. दोन वर्षं ती व्हॉलीबॉलच्या एका संघात होती. हा संघ साधासुधा नव्हता, फिरता होता. दर रविवारी नवं गाव, नवं मैदान, आणि त्यासाठी पहाटे उठून कारखान्याच्या व्हॅनमधून निघायचं. आता पुढच्या वर्षाचा संघ ठरायचा होता. येणार की नाही ते आज संध्याकाळपर्यंत सांगा, असा कोचबाईंचा निरोप होता.

टाचणी कोपऱ्यात फोमच्या थप्पीवर बसली होती. मांडीवर हात, हातात काही नाही.

"मी आधीच सांगतो," थोरला म्हणाला आणि सोफ्याच्या बुडाला बोका लावून त्याने पहिला खिळा टणकन उडवला. बोका म्हणजे खिळे उपटायचं दोन दातांचं हत्यार. आप्पांच्या लहानपणापासून घरात त्याला बोकाच म्हणत, कारण ते नीट धरलं नाही तर ओरबाडत असे. "माझं टाचणीशी भांडण नाही. माझं भांडण व्हॅनशी आहे. रविवारी गिऱ्हाईक घरी असतं. रविवारी त्याला सोफा पाहिजे असतो. आणि रविवारी आपली व्हॅन कुठे असते? कुठल्या तरी मैदानाबाहेर, सावलीत, झोपलेली!"

"झोपलेली नसते," धाकटा म्हणाला. तोही बोका चालवत होता, पण थोरल्यापेक्षा हळू. "सामान असतं तिच्यात."

"सामानाचं तर बोलूच नकोस. गेल्या महिन्यात त्या वकीलबाईंच्या खुर्च्या नेऊन दिल्या. नवं कापड, नवा फोम, मी स्वतः शिवण घातलेली. त्या बसल्या, उठल्या आणि म्हणाल्या, अहो, यातून वास येतोय. बघतो तर गादीखाली मोजा! कुणाचा मोजा? आपल्या कन्येच्या संघातल्या कुठल्या तरी कन्येचा. घामाने ओला. मी वकिलासमोर काय बाजू मांडू?"

आजी खुदकन हसली. तिच्या हातात दाभण होतं, त्यामुळे हसायला तिला परवानगी होती.

"हसू नकोस आई. नाकापेक्षा मोती जड झालाय हा. अगं, खेळायचं तर शाळेच्या मैदानावर खेळावं. आम्ही नाही खेळलो? त्यासाठी तीन तास गाडी हाकायची, दहा मिनिटं खेळायचं आणि परत तीन तास गाडी हाकायची. याला खेळ म्हणतात की मालवाहतूक?"

थोरल्याला स्वतःचं हे वाक्य फार आवडलं. त्याने पुढचा खिळा काढताना ते पुन्हा एकदा पुटपुटून पाहिलं. मनातून त्याला वाईटही वाटत होतं. पोरगी त्याची लाडकी होती. तिला पहिला चेंडू त्यानेच आणून दिला होता, आणि आपण आणलेल्या चेंडूमागे घराचा रविवार गडगडत जाईल हे त्याला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

"दादा, तू एकदा आमच्याबरोबर चल," धाकटा म्हणाला. "एकदाच. मग बोल."

"बसू कुठे? तू मागे दिवाणखाना थाटलायस तिथे?"

ते खरंच होतं. व्हॅन सोफे न्यायला घेतली होती, माणसं न्यायला नव्हे. पण संघाला गाडी मिळेना, तेव्हा धाकट्याने मागच्या भागात दोन्ही बाजूंना बाकं ठोकली, रीतसर पट्टे बसवले, त्याची रीतसर परवानगीही काढली. आणि मग त्याच्यातला कारागीर काही स्वस्थ बसेना. त्याने बाकांवर स्प्रिंगा टाकल्या, वर जाड फोम, त्यावर निळं मखमली कापड, डोकं टेकायला उशा. आजूबाजूच्या संघांच्या मुली कडक बाकड्यांच्या बसमधून पाय अवघडून उतरत. या मुली झोप काढून, केस विंचरून उतरत. त्या व्हॅनला सगळे 'दिवाणखाना' म्हणत आणि धाकट्याला त्याचा केवढा अभिमान!

"मला विचाराल," आजी म्हणाली, "तर पोरीला जाऊ द्या."

"तुला का नाही वाटणार?" थोरला म्हणाला. "खिडकीजवळची जागा तुझी असते."

"असते. मग? माझं वय झालंय, मी काय पोरींच्या मधे बसू?"

आजीचं लग्न झालं तेव्हापासून तिने गाद्या शिवल्या. जगातले लोक त्या गाद्यांवर बसून कुठे कुठे गेले असतील, ती मात्र कारखाना ते घर आणि घर ते कारखाना. गेली दोन वर्षं ती दर रविवारी कुठेतरी जात होती. तिला सगळ्या मुलींची टोपणनावं पाठ होती. कोण आईवर रुसलीय, कुणाला दात दुखतोय, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, हे कोचबाईंच्या आधी आजीला कळे. मैदानाशेजारी खुर्ची टाकून ती उशांचे अभ्रे शिवत बसे आणि पंचांनी चुकीचा निर्णय दिला की दाभण उगारे. एकदा तिला त्याबद्दल ताकीदही मिळाली होती. ती तिने घरी अजून सांगितलेली नव्हती.

आणि दुसरी एक गोष्टही तिने सांगितलेली नव्हती. टाचणी फारशी खेळत नसे. ती बाहेर बसे, पाण्याच्या बाटल्या भरे, टाळ्या वाजवे. सामना हातातून गेला किंवा पक्का खिशात आला, की शेवटी शेवटी तिला आत सोडत. आजी ते बघे आणि टाके जरा घट्ट घाले.

"सासूबाई म्हणतात ते बरोबर आहे," थोरली सून काथ्याची गुठळी फोडत म्हणाली. "मुलीने चार गावं बघावीत. आमच्या ऑफिसात मी तिचे फोटो दाखवते, सगळ्यांना कौतुक आहे."

"तुला रविवारी घर मोकळं मिळतं, म्हणून कौतुक," तिचा नवरा म्हणाला.

"मिळतं, अहो, मिळतं! तुम्ही कारखान्यात, ही मंडळी गावोगाव, आणि मी एकटी पाय पसरून पडलेली. माझ्या आयुष्यात हा संघ आला म्हणून मला कळलं की आपल्या घराला दुपार असते."

आप्पा हसले. ते सोफ्याच्या टोकाला स्टुलावर बसून पट्टे सोडवत होते. त्यांना कमी ऐकू यायचं, पण पाहिजे तेवढं नेमकं ऐकू यायचं. "धाकटी काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

धाकटी सून, टाचणीची आई, खाली बसून काथ्या पिंजत होती. ती दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. आठवडाभर सुया आणि नळ्या, आणि रविवारी पहाटे उठून डबे, गुडघ्याच्या पट्ट्या, बाटल्या. सगळ्यांना वाटे ती दमलीय. दमली होतीच, पण प्रश्न तो नव्हता.

"मला वाटतं, पुरे झालं आता," ती म्हणाली. "अभ्यास मागे पडतो. झोप होत नाही. आपल्याला घरी एक रविवार मिळत नाही."

"अभ्यास?" धाकट्याने बोका थांबवला. "तिचे मार्क वाढलेत! व्हॅनमध्ये ती मोठ्या मुलींकडून गणित शिकते. तूच म्हणालीस!"

"म्हणाले असेन."

"मग?"

"मग काही नाही. पुरे झालं. दोन वर्षं केलं की. सगळ्यांनाच काही पुढे जाता येत नाही."

बोलताना तिने फोमच्या थप्पीकडे पाहिलं नाही. मागच्या स्पर्धेत ती हात धुवायला रांगेत उभी होती. पुढे संघातल्या दोघी मुलींच्या आया. एक म्हणाली, "ती छोटी कशी काय आली गं संघात?" दुसरी म्हणाली, "अगं, दिवाणखाना कुणाचा आहे?" आणि दोघी हसल्या. वाईट हेतूने नाही, सहज. तेच जास्त लागलं. त्या दिवशी परत येताना टाचणी पुढच्या सीटवर झोपली होती, आणि आईने सारा रस्ता एकच ठरवलं: हे हिला कळायच्या आत संपवायचं. अभ्यासाचं कारण सांगू, झोपेचं सांगू, वाईटपणा आपण घेऊ. पोरगी चार दिवस रुसेल, पण आपण व्हॅनबरोबर फुकट मिळालो हे तिला जन्मात कळता कामा नये.

"काय झालंय गं?" थोरली जाऊ काथ्याच्या ढिगाआडून हळूच म्हणाली. "तुझं काहीतरी वेगळं आहे. मला सांग."

इथे धाकटी चुकली. मनातलं ओझं कुणाकडे तरी उतरवावंसं प्रत्येकाला वाटतं, पण ते थोरल्या जावेकडे उतरवणं म्हणजे गावात दवंडी पिटण्यासारखं, हे एरवी तिला ठाऊक होतं. तिने कुजबुजत सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "वहिनी, तुमच्यापाशीच ठेवा."

"माझ्यापाशीच," थोरली म्हणाली. तिने ते ठेवलंही, साधारण एक गुठळी फुटेपर्यंत. मग तिच्या हातातला काथ्या गळून पडला, ती ताडकन उभी राहिली आणि ओरडली, "काय समजतात काय स्वतःला!"

आप्पांनी हातोडा सोफ्याच्या लाकडावर आपटला. "हात!"

थोरलीने इकडे तिकडे पाहिलं. हाताशी काहीच नव्हतं, तेव्हा तिने चहाची किटली उचलली आणि दिसेल त्या कपात चहा ओतायला सुरुवात केली. "ओततेय! काम करतेय! आता ऐका. आपल्या टाचणीला संघात कशासाठी घेतलंय माहीत आहे? व्हॅनसाठी! त्या निळ्या मखमलीसाठी! ताकापुरती आजी ऐकली होती, ही व्हॅनपुरती नात!"

"वहिनी!" धाकटी किंचाळली.

चहा कपातून ओसंडून टेबलावरून खाली ठिबकू लागला. धाकट्याचा बोका खिळ्यावरून सटकला आणि त्याचा अंगठा चांगलाच सोलला गेला. तो 'आई गं' देखील म्हणाला नाही, नुसता बायकोकडे बघत राहिला. धाकटीने मान खाली घातली, तेव्हा त्याला कळलं की हे खरं आहे, निदान लोक तसं म्हणतात हे तरी खरं आहे.

पहिला बोलला थोरला.

"आपल्या पोरीला?" त्याचा आवाज चिरका झाला होता. "आपल्या पोरीला व्हॅनसाठी? मग तर व्हॅन जाणारच! दर रविवारी जाणार! मी स्वतः चालवतो! मैदानाच्या मधोमध उभी करतो आणि म्हणतो, काढा आमच्या पोरीला बाहेर, हिंमत असेल तर!"

"दादा, तू आत्ता म्हणालास..."

"आत्ताचं जाऊ दे! आत्ता मला माहीत नव्हतं!"

"मुळीच जायची नाही व्हॅन," धाकटा म्हणाला. आपल्या अंगठ्यातून रक्त येतंय हे त्याच्या लक्षातही नव्हतं. "आजच बंद. मी आत्ता बाकं उखडतो."

"बाकं उखडू नकोस हं," आजी म्हणाली. "बाकांचा काय दोष?"

"बघा, मी म्हणत होते ना, पुरे झालं?" धाकटी म्हणाली, आणि तिला रडू आलं.

"अगं पण पुरे कसं?" थोरली किटली नाचवत म्हणाली. "आता माघार घेतली तर त्या बायांचंच खरं ठरेल!"

घटकाभरात सगळ्या बाजू पालटल्या. ज्याला व्हॅन सोफ्यांसाठी हवी होती तो ती द्यायला निघाला, ज्याने ती मखमलीने मढवली तो ती मोडायला निघाला, आणि एकमेकांच्या सोडलेल्या जागा पटकावून सगळे नव्या जोमाने भांडू लागले. हातातली कामं मात्र चालू होती. त्या भरात सोफ्याची एक बाजू कधी मोकळी झाली ते कुणाला कळलंही नाही.

धाकटा मध्येच थांबला. "तुम्हाला सांगू?" तो म्हणाला. "मला ती गाडी चालवायला आवडते. टाचणी पुढे माझ्याशेजारी बसते. मागे पोरी झोपलेल्या. घरी ही माझ्याशी दोन शब्द बोलत नाही, मीही बोलत नाही, तेवढं जमत नाही मला. रस्त्यावर बोलते. शाळेतलं, मैत्रिणींचं, कशाची भीती वाटते ते. मी वाट बघतो रविवारची. हिला कसं काय घेतलं, हिला किती खेळवतात, हे मला दिसत नव्हतं असं नाही. मी बघितलंच नाही."

त्याने मान खाली घालून पुढच्या खिळ्याला बोका लावला.

तेवढ्यात आजीचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. टाचणीचा हात वर होता. शाळेत करतात तसा. खांद्यापासून ताठ, दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिलेला, म्हणजे बराच वेळ वर असणार.

"अगं, तू काय हात वर करून बसलीस?" आजी म्हणाली. "बोल की."

टाचणीने दोन्ही तळवे उघडून दाखवले. रिकामे.

आजीला आधी हसू आलं आणि मग ते ओठावरच थांबलं. खरंच की. पोरगी संघात गेली त्या आठवड्यात धाकट्याने फर्मान काढलं होतं. हिने आता बोक्याला, दाभणाला, कात्रीला हात लावायचा नाही. खेळाडूची बोटं आहेत, जपली पाहिजेत. सगळ्यांना ते कौतुकाचं वाटलं. आजीनेच तिच्या हातातली सुई काढून घेतली होती. आणि त्यानंतर या कारखान्यात किती गोष्टी ठरल्या. तिची शाळा बदलायची की नाही, तिची खोली कुणाला द्यायची, सुट्टीत कुठे जायचं. टाचणी दर वेळी इथेच या फोमवर बसलेली, दर वेळी हात मांडीवर. आणि आपण आपसात म्हणायचो, पोरगी किती शहाणी झाली, मध्ये मध्ये बोलत नाही.

"अहो," आजी आप्पांना म्हणाली, "आपण हिचं तोंड बांधून ठेवलंय दोन वर्षं."

आप्पांनी नातीकडे पाहिलं. मग स्टुलावरून उठले, वेळ लावत सोफ्याला वळसा घालून गेले आणि आपला स्वतःचा बोका, ज्याची लाकडी मूठ झिजून त्यांच्या पंजाच्या आकाराची झाली होती आणि ज्याला इतर कुणी हात लावत नसे, तो तिच्या हातात दिला.

"बस इथे," ते म्हणाले. "खिळ्याच्या डोक्याखाली घाल. हं. आता बोल."

टाचणी सोफ्याजवळ मांडी घालून बसली. बोका जड होता. पहिल्यांदा तो घसरला, दुसऱ्यांदा खिळा अर्धा वाकला. सगळे बघत होते आणि तिला वाटलं, मैदानावरदेखील एवढे कुणी बघत नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?" आईने विचारलं.

"व्हॅनचं. पहिल्या दिवसापासून. कोचबाईंनी मला सर्व्हिस करायला लावली, तीन चेंडू नेटमध्ये गेले. त्या म्हणाल्या, बरं. मग बाबांना म्हणाल्या, तुमची ती बाहेर उभी आहे ती गाडी का? आणि मग मला म्हणाल्या, रविवारी ये." खिळा निघाला. तिने तो डब्यात टाकला. "मी काय मठ्ठ आहे का?"

आईने तोंडावर हात ठेवला. सारा रस्ता, सगळे बहाणे, अभ्यास आणि झोप, सगळं वाया गेलं होतं, आणि तिला हलकंही वाटत होतं.

"मग बोलली का नाहीस?" धाकट्याने विचारलं.

"कधी? हातात काही नव्हतं."

थोरल्याने घसा खाकरला आणि उगाचच दुसरीकडे पाहिलं.

"आणि गाडीत?" बाप म्हणाला. "गाडीत तर बोलायचीस."

"गाडीत तुम्ही इतके खूश असता, बाबा."

धाकट्याने सोललेला अंगठा तोंडात घातला.

"मी ठरवलं, घेतलंय ना, मग शिकून घेऊ," टाचणी म्हणाली. आता बोका तिच्या हाताला जरा सरावला होता. "बाहेर बसल्यावर सगळं दिसतं. कोण कुठे उभं राहतं, कुणाचा हात कुठे वळतो. आणि मधल्या सुट्टीत मी भिंतीवर सर्व्हिस मारते. आता नेटमध्ये जात नाही. आजीला विचारा."

"जात नाही," आजी म्हणाली. "मागच्या वेळी पलीकडच्या पोरीला चेंडू दिसलाच नाही. मी बघितलं."

"मग तुला खेळायचंय," आप्पा म्हणाले.

"खेळायचंय. त्याच संघात. पण व्हॅन द्यायची नाही. बाबांनी फोन करून सांगायचं, व्हॅन नाही, पोरगी आहे, घेता का? नाही म्हणाल्या तर नाही. मी बसने शाळेच्या मैदानावर जाईन. पण हो म्हणाल्या तर मला कळेल."

"आणि नाही म्हणाल्या तर?" आई म्हणाली. "तुला किती वाईट वाटेल."

"वाटेल. पण एकदाच वाटेल. आता दर रविवारी वाटतं."

थोरला काका नाक ओढू लागला आणि काथ्याची धूळ फार झालीय असं म्हणाला. थोरल्या काकूने त्याला चहाचा कप दिला, तो त्याने घेतला, आणि कप दुसऱ्याच कुणाचा तरी होता.

फोन धाकट्याने कामाच्या टेबलावर, कातरणीशेजारी ठेवला आणि आवाज मोठा केला. हात रिकामे नकोत म्हणून त्याने दाभण घेतलं, पण सुतळी काही ओवली जाईना. आजीने ती ओवून दिली.

"बोला, दिवाणखानेवाले!" कोचबाईंचा आवाज आला. मागे कुठेतरी चेंडू आपटत होते. "येताय ना पुढच्या वर्षी?"

"मुलगी यायला तयार आहे," धाकटा म्हणाला. "व्हॅन नाही."

चेंडू आपटत राहिले.

"नाही म्हणजे? बिघडलीय का?"

"ठणठणीत आहे. पण येणार नाही. फक्त मुलगी. ती नव्या संघात बसते का, ते सांगा."

टाचणी खिळ्याकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते.

"हे बघा," कोचबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजातली गंमत गेली होती, "मी खोटं बोलणार नाही. गाडी नसेल तर मला नव्याने बघावं लागेल. उंच मुली बऱ्याच आल्यात. शनिवारी निवड आहे, सगळ्यांसारखी रांगेत उभी राहू दे. मी हमी देत नाही."

धाकट्याचा चेहरा उतरला. थोरला उसळून फोनकडे झुकला, त्याच्या जिभेवर मैदान, मधोमध आणि हिंमत हे तिन्ही शब्द आले होते, पण हातात चहाचा कप असल्यामुळे ते काम धरायचं की नाही याचा त्याला पटकन निकाल लावता आला नाही. तेवढ्यात टाचणीच बोलली.

"सगळ्यांसारखी?" तिने विचारलं.

"सगळ्यांसारखी," फोनमधून आवाज आला. "कोण, तूच का? हो. सगळ्यांसारखी. तुझी सर्व्हिस बरी झालीय, ते मी बघितलंय. बाकीचं तेव्हा बघू."

"येते," टाचणी म्हणाली.

फोन बंद झाला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. ती रडेल म्हणून आईने हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. पोरगी हसत होती. दोन वर्षांत तिला कुणीतरी पहिल्यांदाच रांगेत उभं राहायला सांगितलं होतं.

"नाही घेतलं तर?" आजी हळूच म्हणाली. खिडकीजवळची जागा तिच्या डोळ्यांसमोर होती.

"तरी रविवारी व्हॅन काढू की, आजी," टाचणी म्हणाली. "मी, तू, बाबा, आई. कुठेतरी जाऊ. चेंडूशिवाय."

"आणि माझे सोफे?" थोरला म्हणाला.

"काका, तुम्हीच चालवा ना. मघाशी म्हणालात."

थोरली खो खो हसत सुटली. आप्पांनी हातोडा उचलला, पण आपटला नाही.

धाकटा मात्र एकदम जागा झाल्यासारखा उठला. शनिवारी निवड, म्हणजे दिवस थोडे. त्याने स्वतःचा सोललेला अंगठा पाहिला, मग मुलीची बोटं पाहिली आणि सवयीने हात पुढे केला. "दे तो बोका इकडे. पुरे झालं. बोटं जप आता."

टाचणीने बोका छातीशी धरला.

"थांबा, बाबा," ती म्हणाली आणि पुढच्या खिळ्याखाली बोक्याचे दात घातले. "अजून माझं बोलून झालं नाही."